विटांची गढी

मेलबर्न,
२९ सप्टेंबर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा तू फोनवर विचारलंस, "अगं, हे मला 'ब्रिक डनी' म्हणाले, म्हणजे काय गं?" आणि मी "आई, भाजी करपतेय, नंतर करते" म्हणून फोन ठेवून दिला. भाजी करपत नव्हती. त्या दिवशी भाजी केलीच नव्हती. पण अण्णा समोर बसून शेंगा फोडत होते, फोन स्पीकरवर होता, आणि बापासमोर लेकीनं आईला सांगावी अशी ती गोष्ट नव्हती. म्हणून हे पत्र.

खरं तर सगळा प्रकार मी पोटातच ठेवणार होते. पण मावशीचा निरोप आला की तू भिशीत जाहीर केलंस, "गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने नाही झाले, रंकाळ्यापर्यंत चालत जाऊन आले, तर ह्यांनी ऑस्ट्रेलियातनं इंग्लिशमधनं कौतुक केलं." आणि भिशीतल्या एका काकूंनी तो शब्द कागदावर लिहून घेतला, नातजावयाला म्हणायला. तेव्हा आता गप्प बसून चालायचं नाही. चष्मा लाव, पाय वर घेऊन बस. अर्थ आधी सांगत नाही. आधी सांगितला तर पुढचं वाचणार नाहीस.

अण्णा जुलैत आले तेव्हा इथं हाडं गोठवणारी थंडी. तू दिलेली कानटोपी त्यांनी विमानात घातली, ती अजून उतरलेली नाही. पहिले आठ दिवस खिडकीत बसून रस्ता बघितला. "अगं, गावात माणसं हाईत का न्हाईत?" एवढंच म्हणायचे. नवव्या दिवशी मागच्या कुंपणापलीकडनं खोकल्याचा आवाज आला आणि अण्णांच्या जिवात जीव आला.

शेजारचे आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जन्मभर प्लंबरचं काम केलं, आता एकटेच राहतात. अण्णांनी चौतीस वर्षं हायस्कुलात इंग्लिश शिकवलं. दोघांनाही ऐकणारं माणूस हवं होतं. अडचण एकच, कुंपण सहा फुटी आणि अण्णा पाच फूट तीन इंच. त्यावर अण्णांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर उभं राहून संभाषण सुरू केलं. रोज सकाळी साडेनऊला ती बादली कुंपणाशी जाते. आजोबांना पलीकडनं फक्त कानटोपी आणि चष्मा दिसत असणार.

आजोबांचं इंग्लिश ऐकून अण्णा पहिल्यांदा घाबरले. हा माणूस ओठ न हलवता बोलतो. तोंडात माशा जाऊ नयेत म्हणून आम्ही असं बोलतो, असं आजोबांनीच कारण सांगितलं आणि अण्णांनी ते खरं मानून वहीत लिहिलं. वही म्हणजे तीच, दोनशे पानी, लाल पाठीची. तीन रकाने आखलेत: वाक्प्रचार, उच्चार, मराठी प्रतिशब्द. जन्मभर पोरांना तर्खडकर पाजला, आता स्वतः विद्यार्थी झालो, असं म्हणून खूश होते.

एका शनिवारी समोरच्या घरात नवं बिऱ्हाड आलं. सामानाच्या ट्रकमधनं एक पोरगा उतरला. इथल्या फूटीच्या क्लबात खेळतो म्हणे. (फूटी म्हणजे यांचा फुटबॉल. मैदान लंबगोल, चेंडू लंबगोल, एका बाजूला अठरा गडी. अण्णा टीव्हीवर तो खेळ कुस्तीसारखा बघतात. चेंडू कुठं गेला याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. "ह्याची मान बघ. ही मान मोतीबाग तालमीतली हाय.") तर त्या पोरानं आख्खा फ्रीज एकट्यानं पाठीवर घेतला आणि पायऱ्या चढून आत नेला. अण्णा बादलीवर उभे होते ते बघतच राहिले. तू जाणतेसच, तब्येतीचा माणूस दिसला की अण्णांचं काय होतं. लहानपणी गंगावेस तालमीत वर्षभर घुमले, अंगाला माती लागली पण अंग काही धरलं नाही. मग हौस बघण्यावर भागवली. मला खांद्यावर बसवून खासबागेत न्यायचे आणि शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेल्या त्या मैदानात कुठं बसलं की पैलवानाची पाठ नीट दिसते, ते सांगायचे. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे एकदा रस्त्यानं चालले होते तर अण्णा शाळा सोडून त्यांच्या मागनं चालत गेले, हे तूच मला सांगितलंयस.

त्या पोराकडं बघत आजोबा म्हणाले, "बिल्ट लाइक अ ब्रिक डनी, मेट."

झालं. वही निघाली.

'बिल्ट' कळलं, 'ब्रिक' कळलं. 'डनी' अडलं. बरोबर आणलेली वीरकरांची डिक्शनरी पालथी घातली, त्यात नाही. आमची सई म्हणाली, "अण्णाआजोबा, फोनवर बघू का?" तर म्हणाले, "शब्द असा मागून घ्यायचा नसतो बाळ, तो हुडकून काढायचा असतो." मग रात्रभर हुडकला. सकाळी चहाला बसले ते मास्तर होऊनच. "स्कॉटलंडातल्या गेलिक भाषेत 'डन' म्हणजे किल्ला. डंडी हे गाव घ्या. न्यूझीलंडातलं डनीडिन घ्या, तिथं स्कॉटिश लोकच जाऊन राहिले. इथंही स्कॉटिश लोक आले, येताना शब्द आणला. डन म्हणजे किल्ला, तर डनी म्हणजे छोटा किल्ला. आपली गढी!" आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'ब्रिक डनी: विटांची गढी. धिप्पाड, भरभक्कम, अभेद्य पुरुष. उदा. भीम.'

यातला डंडीचा आणि डनीडिनचा भाग अगदी खरा आहे. अण्णांची विद्या खोटी नव्हती, फक्त चुकीच्या दारावर उभी होती.

तुझे जावई त्या वेळी टोस्टला लोणी लावत होते. त्यांचा हात तसाच राहिला. त्यांना अर्थ ठाऊक होता, ऑफिसात रोज ऐकतात. आई, आता सांगते. डनी म्हणजे संडास. तोही घरातला नव्हे, परड्यातला. अंगणाच्या पार टोकाला, एकटा उभा असायचा तो. 'डनिकिन' म्हणून इंग्लंडच्या जुन्या बोलीत शब्द होता, त्याचं हे लाडकं रूप. मूळ वाक्प्रचारात याहून शेलका शब्द आहे, तो मी पत्रात लिहीत नाही. आजोबांनी वापरला ते त्यातलं घरंदाज रूप. पण अर्थाला बाध नाही. धिप्पाड माणसाला 'विटांच्या संडासासारखा बांधलाय' म्हणणं ही इथं शाबासकी असते.

रात्री आमचं भांडण झालं. मी म्हटलं, तुम्ही सांगा, तुम्ही पुरुष आहात. हे म्हणाले, "सासऱ्यांसमोर? जेवणाच्या टेबलावर? मी पुण्याचा आहे, मला ते जमणार नाही. तूच सांग, तुझे वडील आहेत." मी म्हटलं, वडील आहेत म्हणूनच जमणार नाही. दोघंही उद्या सांगू म्हणून झोपलो आणि असे तीन आठवडे उद्या सांगत राहिलो.

तेवढ्यात अण्णांनी तो शब्द बाजारात आणलाही. इथं हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाबाहेर शनिवारी-रविवारी कुठल्या तरी संस्थेची माणसं मदतीसाठी सॉसेज भाजून विकतात. भाजणारा माणूस डोंगराएवढा. अण्णा मान मागं टाकून त्याला म्हणाले, "सर, यू आर बिल्ट लाइक अ ब्रिक डनी!" मी डोळे मिटले. उघडले तर तो माणूस हसत होता, अण्णांचा हात पंजात घेऊन हलवत होता, आणि अण्णांच्या पावात त्यानं कांदा दुप्पट घातला. गाडीत अण्णा म्हणाले, "बघितलंस? योग्य शब्द योग्य ठिकाणी पडला की परका माणूस आपला होतो." आता यावर काय बोलणार? शब्द योग्य ठिकाणीच पडला होता की.

आणि मग गणपती आले.

आमच्या भागातल्या मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसतो. यंदा पाहुणे म्हणून कौन्सिलचे सभासद, म्हणजे आपले नगरसेवक, येणार होते. परिचय इंग्लिशमध्ये करून द्यायला कोण? कमिटीतला कुणीतरी म्हणाला, "कोल्हापूरचे इंग्लिशचे मास्तर आहेत ना!" अण्णांनी आठ दिवस आरशासमोर तयारी केली. आम्हाला ऐकू दिली नाही. आणि पाहुणे आले ते दारात वाकून. सहा फूट पाच इंच तरी असतील, खांदे म्हणजे कपाटाची रुंदी. अण्णांनी कोल्हापूरहून आणलेला फेटा बांधायला घेतला तर डोक्याभोवती चार फेरे होऊन संपला, शेमला सुटेना. दुसरा जोडावा लागला. अण्णा खुर्चीवर चढून तो बांधत होते आणि त्यांचे डोळे असे चमकत होते की माझ्या पोटात गोळा आला.

अण्णा माइकपाशी गेले. कौन्सिलचं काम, आपली संस्कृती, सगळं उत्तम झालं. बाई काय उच्चार! मी निर्धास्त झाले तेवढ्यात म्हणाले, "लेडीज अँड जंटलमेन, आपल्या या देशाच्याच भाषेत सांगायचं तर आमचे आजचे पाहुणे म्हणजे साक्षात ब्रिक डनी."

हॉलमध्ये दोनशे माणसं. इथं वाढलेल्या पोरांच्या रांगेतनं एक 'फुस्स' आलं. बाकी शांतता. अण्णांना वाटलं, सभा भारावली. आणि इथं थांबले असते तर निभावलं असतं. पण अण्णांच्या डोक्यात गढी होती. संकटात रयत गढीत धावते, ती गढी. त्यांनी उपमा फुलवायला घेतली. इंग्लिशमधून म्हणाले, मराठीत सांगते: "गरजेच्या घटकेला आपण सगळे धावतो ते यांच्याकडेच. रात्री-अपरात्री दार ठोठावा, यांनी कुणाला परत पाठवलेलं नाही. गरीब-श्रीमंत, लहान-थोर, सगळ्यांना इथं सारखाच आश्रय. पिढ्यान्‌पिढ्यांचा भार यांनी मुकाट सोसला आहे. आणि इथून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस समाधानानं, हलका होऊन बाहेर पडतो."

आई, तुझे जावई गणपतीच्या मागं जाऊन उभे राहिले.

पाहुणे आधी लाल झाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग फेटा हलायला लागला. मग ते असे हसले की दोन खुर्च्या सोडून बसलेल्या त्यांच्या बायकोनं येऊन त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. सगळा हॉल सुटला. माइक हातात घेऊन ते म्हणाले की राजकारणात आल्यापासून लोक मला नुसतंच डनी म्हणत आलेत, 'विटांचा' म्हणणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला. जाताना त्यांनी अण्णांना मिठी मारली. अण्णा त्या मिठीत दिसेनासेच झाले.

घरी येताना गाडीत अण्णा म्हणाले, "भाषण रंगलं, पण हसण्यासारखं काय होतं त्यात?" मी नवऱ्याकडं बघितलं, त्यांनी रस्त्याकडं. मागच्या सीटवरनं सई म्हणाली, "अण्णाआजोबा, डनी म्हणजे टॉयलेट." अकरा वर्षांच्या पोरीनं तीन आठवड्यांचा प्रश्न चार शब्दांत मिटवला.

अण्णा काही बोलले नाहीत. हायवे संपला, आमचं वेरिबी आलं, तरी बोलले नाहीत. घरी येऊन वही उघडली आणि 'विटांची गढी'वर आडवी रेघ मारली. सकाळी बादली कुंपणाशी गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौतीस वर्षांत वर्गातलं एक पोर त्यांना हसलं नव्हतं गं.

तिसऱ्या दिवशी शेजारचे आजोबाच बेल वाजवून आले. मी सगळं सांगितलं. ते दहा मिनिटं हसले, मग आत बसलेल्या अण्णांच्या तोंडाकडं बघून एकदम थांबले. म्हणाले, "कोट घाल मेट, तुला काहीतरी दाखवतो."

दोघं ट्रेननं यॅराव्हिलला गेले. आजोबांच्या आजीचं घर तिथं होतं. तिथं घरांच्या मागनं काळ्या दगडी फरशीचे अरुंद बोळ आहेत. आता लोक त्या बोळांत फोटो काढतात. पूर्वी गटारं नव्हती तेव्हा संडासातली डबडी उचलायला माणसं रात्री या बोळांनी यायची. मागच्या भिंतीला खाली एक झडप असायची, तिथनं भरलेलं डबडं बाहेर, रिकामं आत. १८८५ साली साला नावाच्या इंग्रज पत्रकारानं या शहराला 'मार्व्हलस मेलबर्न' म्हणून डोक्यावर घेतलं, तर लोकांनी त्याचं लगेच 'स्मेलबर्न' केलं, म्हणजे दुर्गंधपूरच. सोन्यानं श्रीमंत झालेलं शहर, आणि घाण रस्त्यावर. शेवटी १८९१ साली बोर्ड नेमलं, मग गटारं खणायला घेतली आणि १८९७ला पहिली घरं जोडली. सगळा मैला स्पॉट्सवुडला गोळा व्हायचा, तिथं वाफेची अवाढव्य इंजिनं तो वर चढवायची आणि तिथून विटांच्या पाटानं तो वाहत जायचा, कुठं? वेरिबीला. होय आई, आम्ही राहतो तिथंच. अजूनही निम्म्या मेलबर्नचं सांडपाणी आमच्या गावच्या शेतावर येतं. (वास येत नाही, काळजी करू नकोस. उलट तिथल्या तळ्यांवर पार सैबेरियातनं पक्षी येतात.) हे मी तुला गेल्या सहा वर्षांत सांगितलं नव्हतं, कारण गृहप्रवेशाला तू साखर वाटली होतीस.

स्पॉट्सवुडचं ते पंपाचं ठिकाण आता संग्रहालयात आहे. बाहेरनं म्हणे एखाद्या राजवाड्यासारखं दिसतं. अण्णा म्हणतात, मैला उपसायच्या घराला इतकं देखणं बांधणारे लोक संडासाची उपमा देणारच की.

पण मी यॅराव्हिलचं सांगत होते. आजीचं लाकडी घर कधीच पाडलं, दुसरं बांधलं, तेही पाडून आता तिसरं उभं आहे. आणि परड्याच्या टोकाला डनी तशीच. लाल विटांची, पत्र्याच्या छपराची, चार बाय पाच फूट. आताचं तरुण जोडपं तिच्यात फावडी ठेवतं. आजोबांचं स्वतःचं बालपण शहराच्या कडेच्या नव्या वस्तीत गेलं. तिथं साठ वर्षांपूर्वीही गटार नव्हतं. त्यांच्याकडची डनी फळ्यांची. वारा सुटला की कर्रकर्र हलायची, एकदा तर वडील आत असताना आडवी झाली. सुट्टीत आजीकडं आलं की ते विटांच्या डनीत मुद्दाम जास्त वेळ बसायचे, कारण ती हलत नसे. अंगणातली सगळ्यात भक्कम वस्तू तीच. मग पोरं ताकदीच्या माणसाला दुसरं काय म्हणणार? अण्णांनी कानटोपी काढून त्या भिंतीला हात लावला, असं आजोबांनी मला सांगितलं. (कानटोपी काढली, हे लक्षात घे.)

त्या वस्तीत डबडं न्यायला येणाऱ्या माणसासाठी नाताळात लोक डनीच्या पाटावर बिअरची बाटली ठेवायचे, हेही आजोबांनी सांगितलं. ते ऐकून अण्णा गप्प झाले. रात्री मला म्हणाले, "आपल्या जुन्या वाड्याच्या मागं बोळ होता, तुला आठवत नसंल. टोपलीचा संडास होता. पहाटे एक बाई यायची. दहा-बारा वर्षं आली. मला तिचं नाव ठाऊक न्हाई. बिअर ऱ्हाऊ दे, दिवाळीचा लाडूसुद्धा वरनं टाकायची आमची आजी." मग कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांचं निघालं. ते स्वतः भंगीकाम करत, कणकवलीला गोपुरी संडास त्यांनी काढला. "वर्गात मी त्यांच्यावर कधी निबंध दिला न्हाई," असं म्हणून झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी मात्र मास्तर जागेवर आले. वही घेऊन बादलीवर. आजोबांनी आता त्यांना गॉफ व्हिटलमची गोष्ट सांगितली. हे इथले पंतप्रधान, १९७२ ते ७५. उंची सहा फूट चार इंच, चेहरा रोमन पुतळ्यासारखा. असा माणूस निवडून आल्यावर काय काय करील? त्यानं शहरांच्या कडेच्या वस्त्यांना गटारं बांधायला पैसे दिले. आजोबांना प्लंबर म्हणून पहिली मोठी कामं मिळाली ती त्यातच. नेव्हिल रॅन नावाचे एक पुढारी व्हिटलमबद्दल म्हणाले होते की ऑगस्टस सीझरला रोम विटांचं मिळालं आणि त्यानं ते संगमरवराचं करून ठेवलं, तसं व्हिटलमना उपनगरं गटाराविना मिळाली आणि त्यांनी ती साखळी ओढण्याजोगी करून ठेवली. अण्णांना हे इतकं आवडलं की दोनदा लिहून घेतलं. खऱ्या अर्थानं ब्रिक डनी हा माणूस, असा त्यांनी निकाल दिला.

आता रोज रात्री जेवताना हाच विषय. तुझे जावई ताट घेऊन टीव्हीसमोर जातात. अण्णांचा सवाल असा: मराठीत धिप्पाड माणसाला आपण बुरूज म्हणतो, वाड्याचा खांब म्हणतो, छाती म्हणजे दिंडी दरवाजा, खोड वडाचं, अंग रेड्याचं. मग संडासाचा बांधा का नाही? मी म्हटलं, कारण कुणी तोंडावर मारेल. "तसं नव्हं," ते म्हणाले. "आपण संडास कधी भक्कम बांधलाच न्हाई, उपमा येणार कुठनं? वाडा चिरेबंदी, देवघर चिरेबंदी, आणि संडासाला गंजका पत्रा. त्यात दाराला कडी नसायची. आत बसून खोकत ऱ्हायचं." मला हे पटलं. तुलाही पटेल, त्या कडीवरनं तू लग्नानंतर महिनाभर माहेरी जाऊन राहिली होतीस ना?

न्यू जर्सीच्या मामेभावाला ही हकीकत कळवली तर त्यानं आणखी भर घातली. अमेरिकेत हाच वाक्प्रचार बाईबद्दल वापरतात आणि अर्थ होतो बांधेसूद, ठसठशीत देखणी. त्यातला शेलका शब्द गाळून नुसतं 'ब्रिक हाउस' म्हटलं तरी चालतं. कमोडोर्स नावाच्या वादकांचं १९७७ सालचं त्याच नावाचं गाणं तिकडं अजून लग्नात वाजतं.

हे सगळं लांबण लावलं ते एवढ्यासाठी. तुला फोनवर अण्णा 'ब्रिक डनी' म्हणाले, ते यॅराव्हिलहून परत आल्यावर आठ दिवसांनी. म्हणजे त्यांना अर्थ पुरता ठाऊक होता. तू रंकाळ्यापर्यंत जाऊन आल्याचं सांगितलंस, फोन ठेवून ते बराच वेळ कानटोपीशी खेळत बसले आणि मला म्हणाले, "तीन घरं झाली आमची. भाड्याचं, वाड्यातलं, आताचं. ही तशीच उभी." गढीवर मारलेली रेघ त्यांनी खोडरबरानं पुसायचा प्रयत्न केलाय, पण पेनाची आहे, जात नाही. शेजारी उदाहरणातला भीम खोडून तुझं नाव लिहिलंय.

तरीपण भिशीत कुणी विचारलं तर तू अमेरिकेतला अर्थ सांग. आणि त्या काकूंकडनं तो कागद काढून घे. नातजावई सांगलीच्या साखर कारखान्यात असला तरी त्याची बहीण सिडनीत असते.

गोळ्या वेळेवर घे. जिन्याला कठडा धरूनच चढ. सईचा आणि तुझ्या जावयांचा नमस्कार.

तुझी,
ताई

ता. क. अण्णा १४ तारखेला निघतील. यॅराव्हिलच्या त्या जोडप्यानं भिंतीची निखळलेली एक वीट त्यांना भेट दिली. ती धुऊन, वाळवून, धोतरात गुंडाळून बॅगेत भरली आहे. शोकेसमध्ये ठेवायची म्हणतात, देवघरापासून लांब ठेव. वीट तीन किलोची भरली, त्यामुळं भिशीच्या बायकांसाठी घेतलेली चॉकलेटं यावेळी येत नाहीत.